रंगनाथचा पंप आणि अण्णांचं अँटिमॅटर

माझ्या सासऱ्यांनी एकदा भर सभेत चुकीचं भविष्य सांगितलं आणि त्या शब्दावर विसंबून घोटीकडच्या एका शेतकऱ्याने हातात आलेला सोलर पंप सोडायचं ठरवलं. ही हकिगत मी पाहुण्यांना इतक्या वेळा सांगितली आहे की पहिलं वाक्य ऐकलं की माझी बायको वैशाली चहा टाकायला उठते. तिची तक्रार अशी की विहिरीतून काढलेल्या हंड्यांचा आकडा मी दर वेळी वाढवतो. तेव्हा आता लिहूनच ठेवतो. एकदा कागदावर आला की आकडा वाढायचा थांबेल.

सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. नाशिकच्या अंबडला, कारखान्यांच्या मागच्या गल्लीत, त्यांचं मोटारी भरायचं दुकान होतं. मोटर भरायची म्हणजे तिच्यातली जळालेली तांब्याची तार उपटून काढायची आणि नवी तार वेढे मोजून बसवायची. विहिरीवरचे पंप, पिठाच्या गिरण्या, कारखान्यातले पंखे, सगळं अण्णांच्या दारात येऊन पडे. अण्णा बुटके, गोरे, आणि त्यांच्या अंगाला कायम वार्निशचा वास. लग्नकार्यात अत्तर लावलं तरी वार्निश जिंकायचं.

मला बघायला ते आमच्या नाशिक रोडच्या घरी आले, तेव्हा त्यांनी मला फारसं बघितलंच नाही. ते वर बघत होते. माझे वडील माझ्या सरकारी नोकरीचं वर्णन अगदी पेन्शनपर्यंत नेत होते, तेवढ्यात अण्णांनी विचारलं, "आवाज किती दिवस येतोय?"

"कसला आवाज?"

"पंख्याचा. बेअरिंग गेलंय."

पोहे यायच्या आत अण्णा स्टुलावर उभे होते आणि मी, म्हणजे ज्याला बघायला ते आले होते तो, स्टूल धरून खाली. पंखा उतरला, पुसला, तेल मिळालं, परत चढला. माझ्या आईने मुलगी न बघताच मनातल्या मनात होकार देऊन टाकला. घरी गेल्यावर माईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, विचारलं, "मुलगा कसा आहे?" अण्णा म्हणाले, "बरा आहे. पंखा मात्र चांगल्या बनावटीचा आहे."

लग्नानंतर मला त्यांचा दुसरा स्वभाव कळला. अण्णा कशाबद्दलही एकच प्रश्न विचारत: "आत किती, बाहेर किती?" मोटर वीज खाते आणि चक्र फिरवते. खाल्लेलं सगळं फिरण्यात जात नाही, काही नुसतंच गरम होऊन जातं. ते जितकं कमी तितकी मोटर चांगली. हा हिशोब ते माणसांनाही लावत. लग्नाच्या पंगतीत लावत, पुढाऱ्यांच्या भाषणांना लावत. एका दिवाळीत मला लावला.

"जावईबापू, ऑफिसात रोज किती तास?"

"आठ."

"हे आत झालं. बाहेर किती?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. "दोन फायली."

"मग बाकीचं गरम होतं का?"

"नाही, एसी आहे."

अण्णा इतके हसले की करंजीचं सारण बनियनवर सांडलं. हसताना त्यांचा आवाज येत नसे, फक्त खांदे हलत. दोन खोल्यांपलीकडून माई ओरडायच्या, "काय झालं हसायला?" त्यांना कसं कळायचं ते आजपर्यंत कोणाला कळलेलं नाही.

अण्णांच्या दुकानाचा एक नियम होता. भरून दिलेली मोटर परत जळाली तर ती ते गिऱ्हाइकासमोरच उघडत. एकट्याने, आतल्या खोलीत, कधीच नाही. घोटीच्या पुढच्या एका गावातला रंगनाथ त्यांच्याकडे यायचा. भात पिकवायचा, भात निघाला की वांगी-टोमॅटो. त्याची मोटर अण्णांनी भरली आणि आठ दिवसांत जळाली. रंगनाथ बिचारा स्वतःच म्हणत आला, "अण्णा, आमच्याकडं लाइटच तशी हाय, कधी जोरात, कधी मेल्यावानी. तुमचा काय दोष नाय."

"बस," अण्णा म्हणाले. "उघडू."

उघडली. तारांच्या खाली जो कागद घालतात त्याला एका जागी बारीक चीर होती. अण्णांनी भिंग रंगनाथच्या हातात दिलं. "बघ. ही माझ्या ब्लेडची आहे. लाइट बरोबर होती, मी चुकलो." मोटर पुन्हा भरून, टेंपोत चढवून देईपर्यंत ते त्या दिवशी जेवले नाहीत. तेव्हापासून रंगनाथच्या लेखी अण्णांचा शब्द म्हणजे शेवटचा. पुढचं सगळं रामायण घडलं ते या विश्वासातून.

सत्तरीला अण्णांनी दुकान सोडलं आणि इंदिरानगरच्या घरात बसले. बसले म्हणजे घरातलं प्रत्येक यंत्र दोनदा उघडून झालं. मिक्सरला हात लावू नका म्हणून माईंनी शपथ घातली. अशा वेळी आमच्या लेकीने, सईने, त्यांना मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. सई तेव्हा पुण्यात फिजिक्स शिकत होती. व्हिडिओ होता अँटिमॅटरचा, मराठीत प्रतिद्रव्य. आपण ज्या कणांचे बनलो आहोत त्या प्रत्येकाचा एक उलटा जुळा असतो. दोघं भेटले की दोघंही नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी निव्वळ ऊर्जा उरते. चिमूटभर प्रतिद्रव्यात आख्खं शहर कित्येक दिवस चालेल एवढी.

अण्णांनी तो व्हिडिओ चार वेळा बघितला. पाचव्यांदा चष्मा पुसून बघितला.

"जावईबापू," त्यांनी मला फोन केला, मी ऑफिसात होतो, म्हणजे मोकळाच होतो. "काही शिल्लकच राहत नाही हो! सगळंच्या सगळं!"

ज्या माणसाने चाळीस वर्षं मोटारींतून वाया जाणाऱ्या उष्णतेशी भांडण केलं, त्याला काहीच न सांडणारी गोष्ट दिसली होती. उतारवयात माणसं देवाला लागतात, अण्णा प्रतिद्रव्याला लागले. त्यात आणखी एक कळलं, की हा पदार्थ कशाला टेकवून ठेवताच येत नाही. भांड्याला टेकला की भांड्यासकट गेला. म्हणून पोकळीत, चुंबकाच्या जोरावर अधांतरी तरंगत ठेवतात. चुंबक कसला, तर तारेच्या वेटोळ्यांचा!

"म्हणजे आपलंच काम की!" अण्णा म्हणाले. "शेवटी कॉइल भरणाराच लागणार."

मग जो भेटेल त्याला प्रतिद्रव्य. पेपरवाल्याला, दूधवाल्याला, डोळे तपासणाऱ्या डॉक्टरला. साबुदाण्याच्या खिचडीतला एक दाणा आणि एक शेंगदाणा बशीत समोरासमोर ठेवून ते सांगत, "हा इकडचा, हा तिकडचा, भेटले की…" आणि दोन्ही तोंडात टाकत. मला हे उदाहरण चांगलं समजलं. मी ते पुन्हा पुन्हा करायला सांगत असे, प्रत्येक वेळी वेगळ्या बशीतून.

त्यातून ते व्याख्यान झालं. इंदिरानगरच्या ज्येष्ठ नागरिक संघात दर गुरुवारी कोणी तरी बोलायचं, बहुतेक गुडघ्यांवर. अण्णांनी प्रतिद्रव्यावर बोलायचं ठरवलं. मी मागच्या रांगेत होतो. माझ्या शेजारी येऊन कोण बसावं, तर रंगनाथ. नव्या इंद्रायणी तांदळाचं पोतं अण्णांच्या घरी टाकायला आला होता, माईंनी त्याला इकडे पाठवलं होतं.

अण्णा काय सुंदर बोलले! टेबलावर चढायचेच बाकी राहिले. शेवटी एका आजोबांनी विचारलं, "म्हणजे गॅसचं सिलिंडर बंद होईल का?" आणि अण्णांचा तोल गेला.

"सिलिंडर कसलं घेऊन बसलात? दहा वर्षांत विहिरीवर काडेपेटीएवढी डबी बसेल. एकदा बसवली की नातवंडांनी बघायचं. ना तार, ना खांब. लिहून घ्या!"

दोघा-तिघांनी खरंच लिहून घेतलं. रंगनाथने लिहिलं नाही. त्याने ते मनात ठेवलं, आणि ते जास्त धोक्याचं होतं.

महिन्याभराने, एका शनिवारी सकाळी, रंगनाथचा फोन आला. मी तिथेच होतो, वैशालीने दिलेले डिंकाचे लाडू पोचवायला गेलो होतो आणि दोन लाडू हलके करून पोचवले होते. अण्णांनी फोन स्पीकरवर टाकला.

"अण्णा, सरकारी यादीत माझा सोलर पंपाचा नंबर लागला व्हता. सोडून देतोय. कागद लिहून ठेवलाय, सोमवारी तालुक्याला जाऊन देतो."

"का रे?"

"आता का? तुमची डबी येतीय ना. दहा वरसं काय, काढू की. रातीची लाइट येईल तवा उठून पानी भरतोच हाय, आनखी भरू. उगा चांगली वस्तू यायच्या आधी हलकी वस्तू कशापायी घ्यायची?"

अण्णा सुखावले. फोन ठेवून ते माईंना म्हणाले, "बघ, शेतकऱ्याला लवकर कळतं."

माई मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ते तुमचं मिळतं कुठे? मेनरोडला?"

"मिळत नाही गं. खाण वगैरे नसते त्याची. बनवावं लागतं."

"कशाने?"

"मोठी यंत्रं असतात. विजेने."

माईंनी एक काडी मोडली, पानं वेगळी केली. "विजेने वीज बनवायची?" एवढंच म्हणाल्या आणि पुढची काडी घेतली.

अण्णा उभे राहिले. मग बसले. मग परत उभे राहिले आणि सईला पुण्याला फोन लावला. नमस्कार नाही, कशी आहेस नाही.

"सई, आत किती, बाहेर किती?"

"कशाचं, आजोबा?"

"अँटिमॅटरचं."

"आजोबा, मला वाटलं हे तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलं असणार," सई म्हणाली. मग तिने सांगितलं. बनवायला घातलेल्या विजेतलं जवळजवळ सगळंच वाया जातं. आजवर जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांनी जे बनवलं ते सगळं एकत्र केलं तरी त्यावर एक दिवा काही मिनिटंच जळेल. अण्णांनी तिला पुन्हा पुन्हा आकडा विचारला, कागदावर शून्यं मांडली, आणि शेवटी मला म्हणाले, "आपलं गंगापूर धरण उपसायचं आणि हाती तांब्याभर पाणी यायचं. असं आहे हे."

मी म्हणालो, "असू दे हो अण्णा, विज्ञानात होतं असं."

"विज्ञानात झालेलं नाही," ते म्हणाले. "माझ्या दुकानातून चुकीचं काम बाहेर गेलंय. आणि सोमवारी रंगनाथ ते बसवणार आहे."

त्यांनी रंगनाथला फोन लावला. मी चुकलो, डबी येणार नाही, कागद देऊ नको. रंगनाथला पटेना. "अण्णा, तुमी उगा कमीपना घेताय. कुनीतरी घाबरवलं का तुमाला?" अण्णा पुन्हा सांगायला लागले. तो ऐकून घेई आणि म्हणे, "बरं बरं, पन कागद मी देतोच." तिसऱ्या वेळी मात्र तो म्हणाला, "अण्णा, मी अडानी मानूस. फोनवर मला काय दिसत नाय. तुमीच सांगितलं हाय ना, चूक असंल तर गिऱ्हाइकापुढं उघडायची? मग या. उघडून दाखवा."

रविवारी सकाळी मी गाडी काढली. पांडवलेणी मागे पडली, विल्होळीचा चढ गेला, अण्णा गप्प. वाटेत मी मिसळीचा विषय काढला, एकदा नव्हे दोनदा, तरी गप्प. मांडीवर एक स्टीलचा चमचा धरून बसले होते, औषधाचा, माईंच्या डब्यातला. कशाला, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

रंगनाथच्या मळ्यात आम्ही पोचलो तेव्हा तिथे दहा-बारा माणसं जमली होती. अण्णा मोटर उघडणार म्हटल्यावर गाव येणारच, मोटर कुठे आहे हा प्रश्न कोणाला पडला नव्हता. भाताची उडवी रचलेली, पलीकडे वांग्यांचे वाफे, आणि मध्ये विहीर. रंगनाथची आई, चांगली ऐंशीच्या घरातली, खाटेवर पाय वर घेऊन बसली होती.

"मोटर नको," अण्णा म्हणाले. "दोर आणि हंडा आणा. जावईबापू, ओढा."

"मी?"

"तुम्ही रिकामे आहात."

मी ओढला. हंडा वर आला, अण्णांनी तो वांग्यांच्या पाटात ओतला. "आणखी." दुसरा. तिसरा. सातव्या हंड्याला माझ्या हाताची सालं गेली. दहाव्याला कोणीतरी म्हणालं, "पाव्हणं लय नाजूक हायती." बाराव्याला लोक मोजायला लागले, मोठ्याने. मी पंचवीस हंडे काढले. वैशाली म्हणते पंधरा. ती तिथे नव्हती.

पंचविसावा हंडा ओतल्यावर अण्णांनी ओलं बोट चमच्यावर धरलं. एक थेंब चमच्यात पडला. तो चमचा त्यांनी रंगनाथच्या हातात दिला.

"हे घे तुझं अँटिमॅटर. आता याच्यावर भात पिकव."

रंगनाथ चमच्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "पन अण्णा, बाकीचं पानी वांग्याला तर गेलं."

"तेच तर! इथे निदान वांगी आहेत. तिथे तेही नाहीत. सगळं गरम होऊन हवेत जातं. आणि पंचवीस हंड्यांना थेंब आला म्हणून खूश होऊ नका, खरं दाखवायचं तर गंगापूर धरण उपसावं लागेल."

"मी नाही ओढणार," मी म्हणालो. सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला.

"आता चूक कुठे झाली ते दाखवतो. अँटिमॅटर म्हणजे विहीर नाही रंगनाथ, ती टाकी आहे. विहिरीला पाणी आपसूक येतं, टाकी आपण भरावी लागते. आणि ही टाकी भरताना सगळं सांडतं. मी चाळीस वर्षं प्रत्येक मोटरला विचारलं, आत किती, बाहेर किती. हिला विचारलं नाही. का? तर मला ती फार आवडली. आवडली म्हणून विचारलं नाही. लिहून घ्या म्हणालो, आणि स्वतः काही लिहिलं नव्हतं. ही माझ्या ब्लेडची चीर आहे."

विहिरीच्या काठावर ओला दोर तेवढा गळत होता.

"म्हंजी डबी येनारच नाय?" रंगनाथने विचारलं.

"कधीकाळी कोणी फार लांब, ताऱ्यांकडे जायला निघाला तर तो नेईल बरोबर. वजनाला हलकी म्हणून. तुझ्या भाताला नाही. तुझ्या भाताला तो आहे." त्यांनी वर बोट केलं. ऊन चांगलं चढलं होतं. "त्याला बनवावं लागत नाही. रोज येतो. पंप घे. आणि दिवसा पाणी भर, माणसासारखा."

"आन तुमच्या त्या म्हाताऱ्यांना? ज्यांनी लिवून घेतलं?"

"गुरुवारी खोडायला लावतो. चमचा घेऊन जाणार आहे."

रंगनाथ घरात गेला आणि देवाच्या तसबिरीमागून घडी घातलेला कागद घेऊन आला. सोलरवरचा हक्क सोडल्याचा अर्ज, खाली त्याची सही. तो उलगडून रंगनाथ तसाच उभा राहिला. फाडायचा की कसं, हे त्याचं ठरत नव्हतं. माणसाने एकदा लिहून दिलेलं, ते असं चार लोकांत फाडायला त्याला लाज वाटत असावी.

तेवढ्यात खाटेवरून म्हातारी बोलली. "आरं बाबा, येवढं समदं वाया जातं, तर ती लोकं बनवित्यात तरी कशापायी?"

अण्णांनी वळून बघितलं. सकाळपासून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर ते तेज परत आलं, पाचव्यांदा व्हिडिओ बघतानाचं.

"बघायला, आजी."

"काय बघाया?"

"असं कसं, काय बघायला!" अण्णा खाटेवर तिच्या शेजारीच बसले. "पेन आहे का कोणाकडे? कागद?" माझ्या खिशातलं पेन त्यांनी काढून घेतलं आणि दुसऱ्या हाताने, वर न बघताच, रंगनाथच्या हातातला कागद. तो पालथा घातला, गुडघ्यावर ठेवला आणि एक मोठा गोल काढला. त्यात अधिकचं चिन्ह. शेजारी दुसरा गोल, तेवढाच. त्यात उणे. मग बाण, मग वेटोळी, मग चुंबक. पेनाने कागद दोन जागी फाटला.

"अण्णा," रंगनाथ म्हणाला, "तो कागद…"

"मध्ये बोलू नको रे. हं, आजी, तर हा आपल्याकडचा. आणि हा त्याचा जुळा, सगळं तेच, फक्त उलटं."

बायका, पोरं, मघाशी हंडे मोजणारे, सगळे खाटेभोवती वाकले. मी मागून टाचा उंचावून बघत होतो. अण्णा जाऊन आता दोन वर्षं झाली. आठवण काढली की मला वाकलेल्या डोक्यांच्या मध्ये त्यांचं ते टक्कल दिसतं, उन्हात चकाकणारं.

म्हातारीने सुरकुतलेलं बोट एका गोलावर ठेवलं, मग दुसऱ्यावर. "म्हंजी ह्यो त्येला भेटला की…"

"दोघंही संपले."

"ह्यो बी नाय, त्यो बी नाय?"

"कोणीच नाही. नुसता उजेड."

म्हातारीने जरा विचार केला. मग तोंडाला पदर लावून म्हणाली, "अगं बया, लगीनच की ह्ये!"

अण्णांचे खांदे हलायला लागले.